दिलेला शब्द

जपानच्या सहलींचे नवे दरपत्रक हंगामाच्या कितीतरी महिने आधी एजंटाच्या टेबलावर येऊन पडते. त्यात काय असते ते एकदा सावकाश पाहावे. क्योटो स्थानकाजवळचे हॉटेल, ट्विन खोली, न्याहारीसह, अमुक येन. हाकोनेला एक रात्र र्‍योकानमध्ये, दोन वेळच्या जेवणासह, माणशी तमुक येन. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनची राखीव जागा. पंधरा प्रवाशांमागे टूर लीडरची एक जागा मोफत. या तारखेपर्यंत खोल्या राखून, त्यानंतर 'ऑन रिक्वेस्ट'. आणि तळाशी बारीक अक्षरांत रद्द करण्याचे नियम. आपण तो नेट रेट घेतो, त्यावर आपले मार्जिन ठेवतो, येनचे रुपये करतो आणि कागद पुढे पाठवतो. पण सुजनहो, या व्यवसायात केस पांढरे झालेल्या माणसाला तो कागद वाचताना वारंवार एकच गोष्ट जाणवते, की त्यात हातात धरता येईल असे काहीही नाही. खोली हॉटेलवाल्याची आहे, गाडी रेल्वेची आहे, जेवण अजून शिजायचे आहे आणि ज्या रात्रीसाठी हे सारे मांडले ती रात्रही अजून यायची आहे. एजंटाजवळ स्वतःचे असे त्यात फक्त एक आहे, तो देत असलेला शब्द. हॉटेलने जपानमधल्या लँड ऑपरेटरला शब्द दिला, त्याने तो पुण्याच्या किंवा नाशिकच्या एजंटाला दिला, एजंटाने तो निवृत्त झालेल्या एका शिक्षक दांपत्याला दिला, आणि त्या दोघांनी, त्या देशातले एक झाडही डोळ्यांनी पाहिलेले नसताना, आयुष्यभराच्या शिलकीतले काही लाख रुपये त्या शब्दावर ठेवले. इतक्या निःशंकपणे माणूस दुसऱ्याच्या शब्दावर कुठे विसंबतो, याचा विचार केला तर देवळाचे नाव आधी ओठांवर येईल. म्हणून या कागदाकडे थोड्या आदराने पाहावे आणि त्यातल्या शब्दाचे एकेक पदर सोडवत जावे, असे मला वाटते.

पहिला पदर काळाचा आहे. प्रत्येक शब्दाला मुदत असते, आणि जपानी दरपत्रकात ती मुदत फार स्पष्ट लिहिलेली असते. हॉटेल एजंटासाठी दहा खोल्या बाजूला ठेवते, त्याला व्यवसायात अलॉटमेंट म्हणतात, आणि त्या खोल्या अमुक दिवस आधीपर्यंत नावानिशी भरल्या नाहीत तर त्या परत हॉटेलकडे जातात, त्याला रिलीज म्हणतात. म्हणजे हॉटेलने शब्द दिला खरा, पण त्यासोबत आपण त्यांना उत्तर कधी द्यायचे याची वेळही दिली. पुष्कळदा आपल्याकडे शब्दाची पहिली बाजू तेवढी ध्यानात राहते आणि दुसरी विसरली जाते, गट 'जवळजवळ पक्का' आहे असे सांगत आपण रिलीजची तारीख उलटू देतो, आणि मग एप्रिलअखेरीच्या गोल्डन वीकमध्ये किंवा ऑगस्टच्या ओबोनमध्ये, जेव्हा सारा जपानच आपापल्या गावी निघालेला असतो, तेव्हा खोली मागत फिरतो. शब्द दोघांचा असतो. घेणाऱ्यानेही तो वेळेवर घ्यावा लागतो, नाहीतर देणाऱ्याचा काही दोष नसतानाही तो निसटतो.

मुदतीचे हे मर्म 2023 साली साऱ्या जगातल्या एजंटांना एकदम कळले. परदेशी प्रवाशांसाठीचा जपान रेल पास, सात दिवसांचा, साध्या डब्याचा, त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरला 29,650 येनांवरून एकदम 50,000 येनांवर गेला. ज्यांनी वर्षभर आधीच जुन्या दराने सहलीची किंमत सांगून टाकली होती, त्यांच्या छातीत धस्स झाले असेल. पण रेल्वे कंपन्यांनी वाढीची वाच्यता कितीतरी महिने आधी केली होती, आणि जुन्या दराने विकत घेतलेली एक्स्चेंज ऑर्डर तीन महिन्यांच्या आत पासात बदलून घेता येत होती. जो शब्द दिला गेला होता तो त्याच्या मुदतीपर्यंत पूर्ण पाळला गेला, आणि नवा शब्द नव्या दिवसापासून सुरू झाला. दर वाढला याचे दुःख वेगळे. शब्द मोडला, असे मात्र कुणाला म्हणता आले नाही.

दुसरा पदर र्‍योकानमध्ये, म्हणजे जपानच्या पारंपरिक अतिथिगृहात, उलगडतो, आणि तिथे थोडे अधिक थांबायला हवे, कारण एजंटाने संगणकावर टंकलेला शब्द तिथे खरोखर शिजतो. र्‍योकानचा दर खोलीवर नसतो, माणसावर असतो, आणि त्यात एक रात्र व दोन जेवणे धरलेली असतात. आपल्या रूमिंग लिस्टमध्ये जितकी नावे तितकी माणसे जेवणार, असे समजून स्वयंपाकी सकाळी बाजारात जातो. ऋतूप्रमाणे ठरलेला बेत असतो, ताटाभोवती दहा-बारा लहान भांडी येतात, प्रत्येक भांड्यात घासभर काहीतरी, आणि त्यातले बरेचसे त्याच दिवशीचे, त्याच माणसासाठीचे. दुपारी तीनपासून खोली मिळते, सहा-सातच्या सुमारास जेवण लागते. पुष्कळ र्‍योकानांच्या दारात त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची नावे लिहिलेला फलक असतो. कुलकर्णी असोत की पाटील, आपण पाठवलेल्या यादीतून ते नाव तिथे पोचलेले असते आणि पाहुणा उंबरठ्यावर पाऊल ठेवण्याआधी घराने त्याला ओळखलेले असते. आत खोलीत चटईवर चहाचे साहित्य मांडलेले, घडी घातलेला युकाता ठेवलेला, आणि तो नेसताना डावी बाजू वर घ्यावी हे सांगणारी सेविका, कारण उजवी वर घेऊन ते वस्त्र मृताला नेसवतात. आपण जेवायला बसलो की मागाहून खोलीत गाद्या घातल्या जातात. त्या साऱ्या घरात, सकाळपासून, आपण न पाहिलेले हात आपल्या शब्दावर काम करत असतात.

आणि म्हणूनच आपला गट वाटेत खरेदीला रेंगाळून रात्री नऊला पोचला, की तिथे जे घडते त्याला केवळ उशीर म्हणून चालत नाही. मालकीण, जिला तिथे ओकामी म्हणतात, ती कदाचित एक शब्दही बोलणार नाही, वाकून नमस्कारच करील, पण सायंकाळी सहासाठी रांधलेले अन्न नऊला तेच राहत नाही, आणि ज्यांनी ते रांधले त्यांचा दिवस वाया गेला. त्याच दिवशी रद्द केलेल्या खोलीची जवळजवळ सगळी रक्कम कापली जाते यावरून आपले प्रवासी फार रागावतात. त्यांना समजावून सांगावे की हॉटेलची रिकामी खोली उद्या पुन्हा विकता येते, पण कुणाच्या नावाने केलेला स्वयंपाक दुसऱ्याच्या नावाने वाढता येत नाही. यामानाशी प्रांतातले निशियामा ओन्सेन केइउनकान हे घर 705 सालापासून चालत आले आहे अशी त्याची परंपरा आहे, आणि जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून ते नोंदलेले आहे. तेरा शतके एखादे घर पाहुण्यांसाठी उघडे राहते, तेव्हा ते गरम पाण्याच्या झऱ्यावर जितके टिकते तितकेच रोज संध्याकाळी वेळेवर पाळल्या जाणाऱ्या शब्दावर टिकते, यात मला तरी शंका वाटत नाही.

अन्नाचा विषय निघालाच आहे तर आपल्या लोकांसाठी सर्वांत नाजूक शब्द कोणता ते सांगून टाकतो. तो शब्द म्हणजे 'शाकाहारी जेवण मिळेल'. हे तीन शब्द लिहायला क्षण लागतो, आणि पाळायला किती लागते ते जपानच्या स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कळत नाही. तिथल्या बहुतेक रसांच्या मुळाशी दाशी नावाचे पाणी असते, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ किसातून उतरवलेले असते. मिसोच्या वाटीत मासा दिसत नाही, भाजीवर ओतलेल्या रसात दिसत नाही, नूडल्स बुडवायच्या वाटीत दिसत नाही, आणि वाढणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे म्हणतो की यात मांस नाही. तोही खोटे बोलत नाही, आपला एजंटही खोटे बोललेला नसतो, आणि तरीही उपवास पाळणाऱ्या एखाद्या आजींच्या पोटात जे जाऊ नये ते जाते. म्हणून शब्द देण्याआधी तो कुठवर पोचतो ते तपासावे लागते: दाशी कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि शिताके अळंब्यांची करता येईल का, हे र्‍योकानला आधी विचारावे, आणि उत्तर लेखी आल्यावरच ते आपल्या कागदावर उतरावे. 'व्हेज मील रिक्वेस्टेड' असे लिहून सुटका करून घेणारे पुष्कळ आहेत. विनंती केली एवढेच त्यात खरे असते, आणि प्रवासी मात्र तो शब्द समजून घरून निघतो.

जिथे हा शब्द जसाच्या तसा मिळतो अशी एक जागा जपानमध्ये आहे, आणि माझे मन तिथे पुन्हापुन्हा जाते. ओसाकाच्या नांबा स्थानकातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जावे, तिथून केबल कारने डोंगर चढावा, की सुमारे आठशे मीटर उंचीवर कोयासान लागते. 816 साली सम्राटाकडून ही जागा कुकाई या आचार्याला मिळाली, आणि आज तिथे 117 मंदिरे आहेत, त्यांतल्या पन्नासएक मंदिरांत यात्रेकरूला राहायला मिळते. त्या निवासाला शुकुबो म्हणतात. संध्याकाळी लाकडी पायाच्या लहान ताटांवरून शोजिन र्‍योरी येते: तिळाचा टोफू, गोठवून वाळवलेला आणि मग रसात भिजवलेला कोया टोफू, डोंगरातल्या भाज्या, आणि दाशी वनस्पतीची. त्यात मासमच्छी नाही, कांदा-लसूणही नाही. आपल्या घरच्या सात्त्विक जेवणाला हे किती जवळचे आहे ते वेगळे सांगायला नको; कंदमुळे मात्र असतात, म्हणून जैन प्रवाशांसाठी तिथेही वेगळे कळवावे लागते. पहाटे प्रार्थना असते, काही मंदिरांत गोमा म्हणून होम होतो, आणि तो विधी आपल्या भूमीतल्या होमातूनच तिथवर गेलेला आहे. ज्वाळेसमोर बसलेला आपला प्रवासी मंत्रांचे उच्चार ऐकून चकित होतो आणि मग बराच वेळ काही बोलत नाही.

पण मी कोयासानकडे वळलो ते शब्दासाठी. श्रद्धा अशी आहे की 835 साली कुकाई गेले नाहीत, ते ओकुनोइनच्या समाधिस्थानी ध्यानस्थ बसले, आणि अजून बसलेले आहेत. म्हणून दररोज दोनदा, पहाटे सहाला आणि साडेदहाला, भिक्षू त्यांचे भोजन पेटीत ठेवून, पुलावरून, देवदारांच्या सावलीतून त्यांच्यापर्यंत नेतात. पाऊस असो, बर्फ असो, अन्न जाते. कुणी पाहायला आले काय आणि न आले काय, त्याने त्या नेमात फरक पडत नाही. प्रवासी आला म्हणून वाढायचे आणि न आला तर सोडून द्यायचे, एवढ्यापुरता आपला शब्द असतो. इथे पाहुणा डोळ्यांना दिसतच नाही आणि तरी बाराशे वर्षे ताट वेळेवर पोचते. ज्या डोंगरावर शब्द असा सांभाळला जातो तिथे मुक्कामाचे दर, नियम आणि रात्री दार बंद होण्याची वेळ इतकी काटेकोर का असते, हे मग वेगळे समजावावे लागत नाही. मराठी माणसाला या डोंगरावर आपलेपणा वाटावा अशी आणखी एक खूण आहे: कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, 2015 साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले, आणि त्याच्या दोन वर्षे आधी महाराष्ट्राने वाकायामा प्रांताशी मैत्रीचा करार केला होता. आपल्याकडून निघणाऱ्या बहुतेक सहलींत टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका एवढाच फेरा असतो आणि हा डोंगर एका रात्रीने राहून जातो, याची मला मनापासून खंत वाटते.

यात्रेकरूच्या मुक्कामाचा शब्द जपानमध्ये नवा नाही, तो फार जुना आहे, आणि तो देणारे लोक कोण होते ते पाहिले की आपल्या व्यवसायाचे कूळ कळते. इसेच्या महाक्षेत्री, जिथे अंतर्मंदिरात आमातेरासू देवी आणि बाह्यमंदिरात अन्नाची देवता तोयोउके यांचे स्थान आहे, तिथे ओशी नावाचे पुरोहित असत. इसेला त्या शब्दाचा उच्चार ओन्शी असा करतात. एदो काळात त्यांची शेकडो घरे होती. प्रत्येक घराचे यजमान ठरलेले असत, दूरदूरच्या गावांतले, पिढ्यान्‌पिढ्यांचे, आणि त्यांच्या याद्या ओशींच्या घरात जपलेल्या असत. वर्षातून एकदा ओशीचा माणूस त्या गावांत जाई, देवीचा ताईत आणि इसेचे पंचांग घरोघरी देई, आणि गावाची दक्षिणा घेऊन येई. गावकरी 'को' नावाची मंडळी करत, त्यात सारे थोडेथोडे पैसे घालत, आणि आपल्याकडे भिशी लागते तशी चिठ्ठी काढून ज्याचे नाव येईल तो साऱ्यांच्या वतीने इसेला जाई. तो पोचला की ओशी त्याला आपल्या घरी उतरवून घेई, त्याने कधी चाखले नसेल असे जेवण वाढी, देवीपुढे कागुरा नृत्य करवी, दोन्ही मंदिरांचे दर्शन घडवी. निवास, भोजन, मार्गदर्शन, पूजा, आणि गावापर्यंत जाऊन आधी केलेले निमंत्रण: आज ज्याला आपण पॅकेज म्हणतो त्याचे सारे अवयव तिथे होते.

फरक एवढाच होता की तो शब्द एका माणसाचा दुसऱ्या माणसाला नव्हता, एका घराचा एका गावाला होता. आज चिठ्ठीत ज्याचे नाव निघाले त्याला ओशीने चांगले वागवले नाही, तर पुढच्या वर्षी साऱ्या गावाचे तोंड फिरले असते; आणि चांगले वागवले, तर त्या गावात अजून न जन्मलेली मुलेही त्याच्याच घरी उतरणार होती. काळाच्या ओघात या यजमानपदाचे हक्क विकले-खरीदलेही जाऊ लागले, हे खरे, आणि तिथे मला त्या परंपरेत शब्दाची घसरण दिसते, कारण दिलेला शब्द दुसऱ्याला विकता येतो असे ठरले की तो पाळण्याची ओढ उरत नाही. 1871 साली मेइजी सरकारने ओशींची पद्धत बंद केली. पण यात्रा थांबली नाही. 1905 साली शिगा प्रांतातल्या कुसात्सू स्थानकावर प्रवाशांना जेवण पुरवणारे मिनामी शिन्सुके यांनी लोकांना एकत्र करून कोयासान आणि इसेची रेल्वेयात्रा काढली, आणि त्यातूनच निप्पोन र्‍योको ही जपानची पहिली प्रवासी कंपनी उभी राहिली. म्हणजे डबे विकणाऱ्या एका माणसाने ओशींचा टाकून दिलेला शब्द उचलला आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर ठेवला. परदेशी पाहुण्यांसाठीचा जपान टूरिस्ट ब्यूरो त्यानंतर, 1912 साली आला.

इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेत पूर्णपणे नवे बांधले जाते; सातव्या शतकाच्या अखेरीपासूनचा हा नेम आहे, युद्धांच्या काळात तो शतकाहून अधिक काळ खंडितही झाला आणि पुन्हा सुरू झाला. मागची वेळ 2013 ची होती, पुढची 2033 ची आहे, आणि त्यासाठीचे हिनोकी वृक्ष तोडण्याचा पहिला विधी किसोच्या डोंगरात 2025 सालीच झाला. आठ वर्षे आधी. शब्द पाळायला लागणारे लाकूड तो पाळण्याच्या दिवशी तोडता येत नाही, एवढे ज्याला उमगले त्याला अलॉटमेंट आणि रिलीजचे तक्ते रुक्ष वाटणार नाहीत.

आता स्वस्ताईविषयी बोलणे भाग आहे. दरपत्रके जेव्हा एकमेकांशी झुंजतात तेव्हा पहिला बळी शब्दाचा जातो. त्याची लहान रूपे आपण रोज पाहतो: दोघांसाठी लिहिलेली खोली प्रत्यक्षात सेमी-डबल निघते, म्हणजे सुमारे 120 सेंटिमीटर रुंदीच्या पलंगावर दोघांनी झोपायचे, तिघांच्या कुटुंबाला ट्रिपल सांगितलेली असते आणि मिळते ती ट्विनमध्ये कोंबलेली घडीची खाट, दोन सुटकेस उघडल्या की पाय ठेवायला जागा नाही, क्योटोचा निवासकर, गरम झऱ्याचा स्नानकर 'तिथे भरावा लागेल' असे सांगायचे राहून जाते. एका मराठी गटाला तर 'ओसाकातले हॉटेल' म्हणून विमानतळाजवळच्या एका गावात उतरवलेले मी पाहिले आहे, शहरापासून आगगाडीने तासभर दूर. ज्यांनी ते विकले त्यांनी नकाशावरचे अंतर कधी पाहिलेच नव्हते. हे दोष त्रासाचे असतात, निस्तरता येतात.

पण एक रूप निस्तरता न येणारे आहे. 15 जानेवारी 2016 च्या पहाटे नागानो प्रांतात कारुइझावाजवळ स्कीच्या स्वस्त सहलीची एक बस दरीत गेली आणि पंधरा जण मेले, त्यांतले तेरा कोवळे विद्यार्थी होते. चौकशीत दिसले की ती बस सरकारने घालून दिलेल्या किमान भाड्याहूनही कमी दरात ठरवलेली होती. किमान भाडे कशासाठी असते? चालकाची झोप, त्याचे प्रशिक्षण, गाडीची तपासणी, हे सारे त्या आकड्यात धरलेले असते. तो आकडा खाली आणणाऱ्याने प्रवाशाला दिलेल्या शब्दातले नेमके तेवढेच काढून घेतले. या अपघातानंतर जपानने नियम कडक केले, आणि जानेवारी 2018 पासून एजंट आणि हॉटेल-बस यांच्यामधल्या लँड ऑपरेटरलाही नोंदणी बंधनकारक झाली, जी तोवर नव्हती. साखळीतला जो माणूस प्रवाशाला कधी दिसत नाही, ज्याचे नाव व्हाउचरवर बारीक अक्षरांत असते, त्याच्याही शब्दाला कायद्याने पत्ता दिला. म्हणून जपानहून कुणी नवा माणूस फार गोड दर घेऊन आला तर आधी त्याची नोंदणी विचारावी, मग बस कुणाची ते विचारावे, चालक दिवसाला किती तास गाडी हाकणार ते विचारावे. असे विचारणे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नाही. आपण ज्याला पुढे शब्द देणार आहोत त्याच्या वतीने ते विचारलेले असते.

आणि शेवटचा पदर असा की काही शब्द आपल्या हाती नसतातच. जपानची सहल म्हटली की आपल्याकडे दोन गोष्टी विकल्या जातात, फुजी पर्वत आणि साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, आणि त्या दोन्ही कुणाच्याही मालकीच्या नाहीत. फुजी उन्हाळ्यात दिवसेंदिवस ढगांत असतो आणि हिवाळ्याच्या सकाळी स्वच्छ दिसतो. म्हणून जून-जुलैच्या सहलीत 'फुजीदर्शन' लिहिण्याऐवजी फुजीच्या पायथ्याशी कावागुचिकोला एकाऐवजी दोन रात्री द्याव्या, म्हणजे दोन पहाटा मिळतात, आणि टोकियोहून क्योटोला जाताना गाडीत उजव्या हाताच्या खिडकीच्या जागा घ्याव्या. साकुराचे त्याहून अवघड. टोकियोतला बहर यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावरून जाहीर होतो. हवामान खात्याचे अधिकारी येऊन पाहतात, त्या झाडावर पाच-सहा फुले उमललेली दिसली की बहर सुरू झाला असे सांगतात. 2023 साली ते 14 मार्चला घडले, 2024 साली 29 मार्चला. पंधरा दिवसांचा फरक. आणि पहिल्या फुलापासून पूर्ण बहर यायला आठवडाभर, मग पाऊस-वाऱ्याने झडायला आणखी तेवढाच. जो एजंट ऑक्टोबरात बसून 'चेरी ब्लॉसम टूर, 1 एप्रिल' असे छापतो, तो झाडाच्या वतीने शब्द देतो, आणि झाडाने त्याला तसा अधिकार दिलेला नसतो.

मग मार्चअखेरीची सहल विकूच नये का? अवश्य विकावी. फक्त शब्द आपला आहे तेवढाच द्यावा आणि त्याची मांडणी अशी करावी की झाडाला मोकळीक राहील. नारा प्रांतात योशिनो नावाचा डोंगर आहे, झाओ गोंगेन या देवतेचे ते क्षेत्र, आणि साकुरा त्या देवतेचा वृक्ष मानला गेल्याने भाविकांनी शतकानुशतके तिथे झाडे वाहिली, आपण फुले वाहतो तशी. आज त्यांची संख्या तीस हजारांच्या घरात आहे. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्या वनाचे चार टप्पे मानतात, आणि बहर खालून वर चढत जातो, त्याला काही आठवडे लागतात. तेव्हा प्रवाशाने विचारले, "फुले नक्की दिसतील ना?" तर कागदावर असे लिहावे: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोकियो आणि क्योटोत बहर असू शकतो, आधीच ओसरलेलाही असू शकतो, त्यासाठी क्योटोच्या मुक्कामातला एक पूर्ण दिवस योशिनोसाठी मोकळा ठेवला आहे, खालच्या टप्प्यावर फुले नसतील तर वरच्या टप्प्यापर्यंत नेऊ, कुणाला चढण झेपणार नसेल तर डोंगरावर बस धावते का ते त्या दिवशी पाहून सांगू, आणि तरीही काही न दिसल्यास पैसे परत मिळणार नाहीत. एवढे लिहावे, खाली आपला फोन नंबर द्यावा, आणि मग आगाऊ रक्कम घ्यावी.